जुन्या जंतांचा अभ्यास: सूक्ष्मदर्शक की डीएनए?

नौपाड्यातली माझी भाची प्राणिशास्त्रात एमएस्सी करतेय. "मावशी, प्रकल्पाला प्राचीन जंत घेतलेत. अंडी शोधू की डीएनए काढू?"

खर्चात सूक्ष्मदर्शक सरळ पुढे. जुनी विष्ठा किंवा संडासाच्या खड्ड्यातली माती ०.५ टक्के ट्रायसोडियम फॉस्फेटमध्ये भिजवायची, गाळायची, पाहायची. व्हिपवर्म या आतड्यातल्या जंताचं अंडं जेमतेम ५० मायक्रॉनचं, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढं, पण दोन टोकांच्या बुचांमुळे लिंबासारखं, चटकन ओळखू येतं. डीएनएला वेगळी, काटेकोर स्वच्छ खोली लागते.

टिकाऊपणातही अंडी सरस. कवच चिवट असतं. डीएनए उष्ण, दमट मातीत लवकर तुटतो. आपल्या हवेत मला हाच मुद्दा मोठा वाटतो.

आणि अंडी सांगतात किती! चीनमध्ये रेशीममार्गावरच्या शुआनछ्युआनझी इथे २००० वर्षांपूर्वीच्या, शौचानंतर पुसायच्या काठ्यांवर लिव्हर फ्लूक या यकृतातल्या जंताचं अंडं सापडलं. हा जंत पाणथळ मुलखातला, तिथून सुमारे १५०० किलोमीटर दूरचा. कुणीतरी प्रवासी तो पोटात घेऊन वाळवंटात पोचला होता.

मात्र माणसाचा व्हिपवर्म आणि डुकराचा, अंड्यांवरून खात्रीनं वेगळे करता येत नाहीत. तिथे डीएनएच हवा.

प्रवास, आहार, स्वच्छता शोधायची आणि हाताशी कॉलेजची प्रयोगशाळाच असेल तर सूक्ष्मदर्शक घे. जनावरांकडून माणसांत काय आलं हे विचारायचं असेल, सुसज्ज प्रयोगशाळाही मिळत असेल, तर डीएनए.