आरोपीवर आधीचीही ॲट्रॉसिटी आहे: जामिनाला विरोध नेमका कुठे करायचा?

जातीवरून मारहाण करणाऱ्या माणसावर तसाच जुना गुन्हाही असेल, तर त्याच्या जामीन अर्जाची बातमी कानावर येताच फिर्यादीच्या घरात चर्चा सुरू होते. आत्ताच विरोध करायचा, जामीन झालाच तर हायकोर्टात जायचं, की त्याने पुन्हा काही केलं की जामीन रद्द करून घ्यायचा? कायद्यात तिन्ही वाटा आहेत, पण तिन्हींचं वजन सारखं नाही. माझं मत विचाराल तर जी काही माणसं, पैसा आणि ताकद असेल ती पहिल्या सुनावणीवर लावा.

कारण सरळ आहे. जामीन देण्याआधी ‘हा सुटला तर पुन्हा तेच करेल का’ हे न्यायालयाला पाहावंच लागतं. सर्वोच्च न्यायालयाने 2010 च्या प्रशांत कुमार सरकार प्रकरणात जामिनाचे जे निकष सांगितले, त्यात हा एक आहे. एकदा जामीन झाला की प्रश्नच बदलतो. दिलेलं स्वातंत्र्य काढून घ्यायला ठोस, भक्कम कारणं लागतात, हे 1995 च्या दौलत राम निकालापासून चालत आलं आहे. जी शंका पहिल्या दिवशी पुरली असती, ती नंतर पुरत नाही.

पहिल्या सुनावणीत फिर्यादीला बोलायचा हक्क आहे का, असं अजूनही लोक विचारतात. आहे. 2015 च्या दुरुस्तीने ॲट्रॉसिटी कायद्यात कलम 15-अ आलं. जामिनाच्या सुनावणीची वेळेवर सूचना मिळणं आणि तिथे म्हणणं ऐकलं जाणं हे दोन्ही त्यात आहे. हरिराम भांभी प्रकरणात 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे बंधनकारक असल्याचं सांगितलं आणि पीडित पक्षाला न ऐकता दिलेला जामीन टिकू दिला नाही. म्हणून तारखेला हजर राहा, वकील नसेल तरी न्यायालयाला सांगा की आम्ही आलो आहोत, आणि ती हजेरी रोजनाम्यात नोंदली गेली का ते पाहा. सूचनाच मिळाली नसेल तर तेही लेखी द्या. पुढे अपिलात हाच कागद कामाला येतो. वकिलाचं म्हणाल, तर अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

आता खरा मुद्दा, आरोपीचा पूर्वइतिहास. इथे बरेच अर्ज कच्चे राहतात. ‘आरोपी सराईत आहे, त्याच्यावर पाच गुन्हे आहेत’ एवढं लिहून भागत नाही. 2014 च्या नीरू यादव निकालात पूर्वइतिहासाकडे डोळेझाक करून दिलेला जामीन सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, हे खरं. पण 2020 च्या प्रभाकर तिवारी निकालात त्याच न्यायालयाने सांगितलं की नुसते गुन्हे प्रलंबित असणं हे जामीन नाकारायचं कारण होत नाही. आरोपीचा वकील हा दुसरा निकाल काढणारच, आणि त्यात गैर काही नाही. दोष सिद्ध होईपर्यंत कोणालाही शिक्षा म्हणून आत ठेवता येत नाही. म्हणून गुन्ह्यांची संख्या सांगत बसू नका, त्यांतला धागा दाखवा. प्रत्येक गुन्ह्याचा नंबर, पोलीस ठाणं, कलमं, तारीख, खटला कुठपर्यंत आला आणि मार खाणारे कोण होते, हे एका पानावर मांडा. दोन गुन्ह्यांतले पीडित एकाच वस्तीतले असतील तर ते ठळक लिहा. तपास अधिकाऱ्याच्या ‘से’मध्ये, म्हणजे जामीन अर्जावरच्या लेखी म्हणण्यात, बहुतेकदा त्याच ठाण्याचे गुन्हे येतात आणि शेजारच्या ठाण्यातले राहून जातात. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने शोधलं तर त्यातलं बरंच सापडतं.

त्यातही सगळ्यात वजनदार गोष्ट एकच: हा नवा गुन्हा जुन्या गुन्ह्यातल्या जामिनावर असताना केल्याचा आरोप आहे का? असेल तर दोन दारं उघडतात. नव्या प्रकरणात जामिनाला विरोध करायचा, आणि जुन्या प्रकरणातला जामीन अटी मोडल्या म्हणून रद्द करायचा अर्ज त्या न्यायालयात द्यायचा. जुन्या जामीन आदेशाची नक्कल काढून अटी वाचा. ‘असाच गुन्हा पुन्हा करणार नाही’ अशी अट त्यात असेल, तर अर्ध्याहून जास्त काम तिथेच झालं. हे दुसरं दार फार कमी लोक वापरतात याचं मला खरोखर वाईट वाटतं, कारण जुना फिर्यादी बहुधा तोवर थकलेला असतो आणि त्याला कोणी जाऊन विचारतच नाही.

जामीन झालाच, तर पुढच्या दोन वाटांमध्ये निवड कशी करायची? चूक आदेशात आहे की त्यानंतरच्या वागण्यात, एवढंच स्वतःला विचारा. तुम्हाला न ऐकता आदेश झाला, किंवा समोर ठेवलेला पूर्वइतिहास आदेशात कुठेच नाही, तर ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम 14-अ खाली उच्च न्यायालयात अपील. त्याला 90 दिवसांची मुदत आहे, उशिराचं सबळ कारण असेल तर न्यायालय तो माफ करू शकतं. असं अपील शक्यतो तीन महिन्यांत निकाली काढावं असं कायदा म्हणतो. पण आदेश नीट आहे आणि आरोपी बाहेर येऊन धमकावतो आहे, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 483(3) खाली जामीन रद्द करण्याचा अर्ज. त्याला पुरावा ताजा लागतो. धमकी आली त्याच दिवशी तक्रार द्या आणि पोच घ्या, निदान एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) तरी नोंदवा, कॉल रेकॉर्डिंग जपून ठेवा. महिनाभराने सगळ्या धमक्या एकत्र करून लिहिलेल्या अर्जाला तेवढी किंमत राहत नाही.

अटकपूर्व जामिनाचं गणित वेगळं आहे. ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम 18 ने तो बंद केला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या मार्च 2018 च्या निकालाने त्यात पडलेली फट संसदेने 18-अ आणून बुजवली, आणि फेब्रुवारी 2020 मध्ये ती दुरुस्ती त्याच न्यायालयात टिकली. मात्र प्रथमदर्शनी गुन्हाच दिसत नसेल तर न्यायालय दार उघडू शकतं, म्हणून जातीवरून काय, कुठे आणि कोणासमोर घडलं ते एफआयआरमध्ये स्पष्ट हवं.

एका जामिनापुढे मात्र कुठलाच पूर्वइतिहास चालत नाही. दोषारोपपत्र 60 दिवसांत, गंभीर गुन्ह्यांत 90 दिवसांत आलं नाही, तर आरोपीला जामीन मागायचा हक्कच मिळतो. ॲट्रॉसिटीच्या तपासाला कायद्याने 60 दिवसच दिले आहेत. पन्नासाव्या दिवशी तपास अधिकाऱ्याला लेखी विचारणा करा.

विरोध करतानाच पर्यायी मागणीही द्या, नाहीतर जामीन होतो आणि अट तेवढी ‘साक्षीदारांवर दबाव आणू नये’ अशी गुळमुळीत पडते. तालुक्याच्या हद्दीत यायचं नाही, ठरावीक वारी ठाण्यात हजेरी, फिर्यादीच्या कुटुंबाशी फोनवरूनही संपर्क नाही, असं नेमकं मागा. गावात दोन्ही घरं एकाच रस्त्यावर असतील तर नकाशा काढून जोडा. तडीपारी जामिनापेक्षा वेगळी आहे. महाराष्ट्र पोलीस कायद्याखाली ती जास्तीत जास्त दोन वर्षांची असते. ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम 10 खाली विशेष न्यायालय तीन वर्षांपर्यंत बाहेर घालवू शकतं, पण ते फक्त अनुसूचित क्षेत्रात किंवा अत्याचारप्रवण म्हणून ठरवलेल्या भागात. दोन्हींना वेळ लागतो, तेव्हा जामिनाच्या तारखेला त्यांच्यावर विसंबू नका. साक्षीदार संरक्षणाचा अर्ज मात्र त्याच आठवड्यात द्या. 2018 च्या योजनेत पोलिसांकडून धोक्याचा अहवाल मागवला जातो, आणि तो अहवाल पुढे जामीन रद्द करायच्या अर्जालाही जोडता येतो.