१९४८-४९ की १९९०-९१? रणजीचा कोणता हंगाम आधी वाचावा

पुतण्याला रणजीच्या एकाच जुन्या हंगामावर लिहायचंय आणि त्याचं या दोनांत अडलंय.

धावांचा विचार केला तर १९४८-४९ ला तोड नाही. पुण्यातल्या उपांत्य सामन्यात मुंबईने ६५१ आणि ८ बाद ७१४, तर महाराष्ट्राने ४०७ आणि ६०४ केल्या. एकूण २३७६! गोलंदाजांची कीवच येते. त्याच हंगामात भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ वर होते. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम हाकेच्या अंतरावर, आणि काठियावाडने सामनाच सोडून दिला. हा प्रकार मला आजही पटत नाही.

चुरशीत मात्र १९९०-९१ सरस. वानखेडेवर अंतिम सामन्यात कपिलच्या हरियाणाने मुंबईपुढे ३५५ चं लक्ष्य ठेवलं. सचिन ९६, वेंगसरकर नाबाद १३९, शेवटचा गडी कुरुविला धावबाद, आणि मुंबई २ धावांनी हरली.

मेहनतही १९९०-९१ ला कमी, खेळलेली माणसं अजून बोलतात.

आकडेवारी आणि विक्रमांचा नाद असेल तर १९४८-४९ घ्यावा. गोष्ट रंगवून सांगायची असेल, तर १९९०-९१.