दहा वर्षांची गॅरंटी आणि पहिल्याच आषाढात पाणी

घरातली ओल बंद करून देतो म्हणणाऱ्याला मोजले ८९,९०० रुपये. फरशी ६२० चौरस फूट, १४५ रुपये फुटाने. ६०,००० आगाऊ, २९,९०० काम झाल्यावर, सगळे रोख. एवढे मोजूनही आषाढात माजघरात पाणी आलंच.

घर कोकणातलं, मागे डोंगर, जोतं जांभ्याचं. मागची विहीर काठोकाठ भरली की फरशीखालून उपळ फुटतात, हे आम्हाला नवीन नाही. पण हा 'इंजेक्शन ग्राउटिंग'वाला (म्हणजे भोकं पाडून आत रसायन भरून ओल थांबवणारा) ओल मोजायचं यंत्र घेऊन आला आणि ते प्रत्येक भिंतीवर पीं पीं वाजलं. खार फुटलेल्या भिंतीवर ते वाजणारच, क्षारांमुळे! कळलं नंतर.

त्याने घराभोवती एक फेरी मारली नाही. विहिरीत डोकावला नाही, परसाचा उतार पाहिला नाही. तिथेच हाकलायला हवा होता. फरशीच्या सांध्यांत भोकं पाडून निळ्या ड्रममधलं दुधासारखं काहीतरी ओतत बसला. ड्रमवरचं लेबल खरवडलेलं, डिंकाचे डाग तेवढे उरलेले. विचारलं तर, "काका, कंपनीचा फॉर्म्युला आहे." आणि मी त्याला वर चहा दिला! पण आईचे गुडघे ओलीने धरलेले, मे संपत आलेला, गवंडी मिळेना. कोणीही हेच केलं असतं.

गॅरंटी कार्ड पैसे देण्याआधी वाचा. माझ्या कार्डामागे बारीक इंग्रजीत छापलंय: जमिनीखालच्या पाण्याच्या दाबाने येणारी ओल वगळून. अहो, मग गॅरंटी कशाची?

पोलीस म्हणाले, दिवाणी मामला. नाव खोटं, गाळ्याला कुलूप, शेजारच्यांनाही टोपी घातलेली, तरी साधा अर्ज घेईनात. उलट मलाच, "बिल न घेता पैसे दिलेच कसे?" ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार क्रमांक मिळाला, मग निरोप आला की समोरच्याचा पत्ता अपूर्ण आहे. पत्ता खरा असता तर तुम्हाला फोन कशाला केला असता? ग्रामपंचायत म्हणते आमचा संबंध नाही, आणि त्याचं पत्रक त्यांच्याच फलकावर! जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंत फी नाही, वकील लागत नाही, २ वर्षांच्या आत जावं लागतं, हे यांतल्या एकाच्याही तोंडून निघालं नाही. माझं मीच शोधलं.

रोख देऊ नका. शेवटचा हप्ता एक पावसाळा गेल्यावरच. आणि आधी फरशीवर जाड प्लास्टिक चारी कडांनी चिकटवून एक दिवस ठेवा. थेंब खालच्या बाजूला जमले तर पाणी जमिनीतलं, मग वरून काहीही फासा, ते वाट काढणारच. शेवटी गावातल्याच गवंड्याने घरामागे डोंगराच्या अंगाला, पायापासून अंतर ठेवून खोल चर मारला, तळाशी भोकांचा पाइप, वर खडी, पाणी वहाळात. २३,५०० रुपये, पावतीसकट. श्रावणात माजघर सुकलं.

तो माणूस दुसऱ्या नावाने याच तालुक्यात फिरतोय म्हणे. त्याच्या सहीचं कार्ड कोणाकडे असेल तर फाडू नका, तक्रारीला जोडायचंय.