दहा वर्षांची कमाई आणि आजचा भाव : सांगलीतील एका अभ्यासवर्गाचे परीक्षण

विश्रामबागेपासून शंभर फुटी रस्त्यापर्यंतच्या पट्ट्यात शेअर बाजार शिकवणाऱ्या वर्गांच्या पाट्या आता जागोजागी दिसतात. त्यांतील बहुतेक ठिकाणी आलेख वाचणे, ऑप्शनचे व्यवहार आणि सकाळी घेतलेला शेअर दुपारी विकण्याचे तंत्र शिकवले जाते. या गर्दीत कंपनीची दहा वर्षांची कमाई महागाईच्या हिशेबाने आजच्या रुपयांत आणून तिच्याशी शेअरचा भाव ताडून पाहण्याची पद्धत शिकवणारा दोन दिवसांचा अभ्यासवर्ग भरतो, हीच मुळात दखल घेण्याजोगी गोष्ट आहे. शुल्क अडीच हजार रुपये असून त्यात छापील पुस्तिका, एक्सेलमध्ये तयार केलेले गणनपत्रक आणि दोन्ही दिवसांचे जेवण मिळते. हे परीक्षण पद्धतीच्या मांडणीचे आणि त्या पत्रकाचे असल्यामुळे आयोजकांचे नाव येथे दिलेले नाही.

पद्धतीची पूर्वपीठिका वर्गात थोडक्यात पण नेमकी सांगितली गेली. एका वर्षाच्या नफ्यावर विसंबून शेअरची किंमत ठरवू नये, किमान पाच आणि शक्यतो सात किंवा दहा वर्षांच्या नफ्याची सरासरी पाहावी, हा आग्रह बेंजामिन ग्रॅहम आणि डेव्हिड डॉड या अमेरिकी गुंतवणूक-अभ्यासकांनी १९३४ साली, म्हणजे अमेरिकेतील महामंदीच्या अनुभवानंतर, धरला होता. जॉन कॅम्पबेल आणि रॉबर्ट शिलर या अर्थतज्ज्ञांनी १९८८ साली ती सरासरी महागाईने समायोजित करून संपूर्ण बाजाराला लावली, आणि भाव व ही सरासरी कमाई यांचे गुणोत्तर पुढे शिलर पीई (पीई म्हणजे भाव भागिले प्रतिशेअर कमाई) किंवा केप या नावाने ओळखले जाऊ लागले. शिलर यांना २०१३ साली अर्थशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. अमेरिकी बाजारासाठी या गुणोत्तराची दीर्घकालीन सरासरी १७ च्या आसपास आहे आणि १९९९ च्या अखेरीस ते ४४ पर्यंत चढले होते. हे दोन आकडे पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर ठळक छापलेले आहेत. ते तेथे इतके ठळक नसते तर बरे झाले असते, असे मला का वाटते ते पुढे येईल.

पहिल्या दिवसाचे दुपारचे सत्र हा या वर्गाचा सर्वांत कसदार भाग होता. उदाहरण टाटा स्टीलचे घेतले होते. २०२१-२२ या वर्षात कंपनीचा उपकंपन्यांसह एकत्रित नफा ४१,७४९ कोटी रुपये झाला, पुढच्या वर्षी तो ८,०७५ कोटींवर आला आणि २०२३-२४ मध्ये ४,९१० कोटींचा तोटा नोंदवला गेला. मार्च २०२२ च्या अखेरीस शेअरचा भाव १,३०० रुपयांच्या आसपास होता आणि त्या वर्षाची प्रतिशेअर कमाई सुमारे ३३२ रुपये, म्हणजे साधा पीई चारच्याही खाली. नवख्या गुंतवणूकदाराला याहून स्वस्त शेअर शोधून सापडला नसता. प्रत्यक्षात पोलादाच्या दराची लाट ओसरताच नफा एक पंचमांश झाला आणि वर्षभराने, दरम्यान झालेले एका शेअरचे दहा शेअर असे विभाजन जमेस धरता, १३० चा भाव १०५ वर आला. त्याच्याही पुढच्या वर्षी तोटा झाल्याने पीई काढताच येत नव्हता, तरी त्या वर्षाच्या शेवटी भाव मात्र १५० च्या वर होता. नफा शिखरावर असताना पीई सर्वांत कमी दिसतो आणि नफा तळाला गेल्यावर तो भरमसाट दिसतो किंवा अर्थशून्य होतो, ही गोष्ट अनेकांनी ऐकलेली असते. पण एकाच कंपनीच्या सलग तीन वर्षांच्या आकड्यांतून ती अशी उलगडलेली पाहिली की दहा वर्षांची सरासरी घेण्याची गरज वेगळी पटवून द्यावी लागत नाही.

समोर बसलेल्यांत मार्केट यार्डातील हळदीचे अडते बरेच असल्याने शिकवणाऱ्यांनी दिलेला दाखलाही त्यांच्याच धंद्यातला होता. २०१० साली हळदीने दराचा उच्चांक गाठला आणि पुढच्या दीड-दोन वर्षांत तो दर निम्म्याच्याही खाली उतरला. त्या तेजीच्या वर्षातील उत्पन्न पाहून कोणी हळदीच्या रानाची किंमत ठरवली असती काय, एवढाच प्रश्न त्यांनी विचारला. मागच्या रांगेतून ‘ठरवली होती की, आणि निस्तरलीही,’ असे उत्तर आले, आणि त्यानंतर अर्धा तास जी चर्चा झाली ती पुस्तिकेतील कोणत्याही प्रकरणापेक्षा सरस होती. साखर कारखान्यात नोकरी केलेल्या दोघांनी तर साखर कंपन्यांचा नफा एफआरपी (उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर), इथेनॉलचे दर आणि पाऊस या तिन्हींच्या तालावर कसा हलतो, आणि डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणताच सगळे अंदाज एका रात्रीत कसे कोलमडले, हे इतके मुद्देसूद सांगितले की फळ्याजवळच्या सरांनी खडू खाली ठेवून ते ऐकून घेतले. सांगली, साताऱ्यातील सहकारी कारखाने शेअर बाजारात नोंदलेले नाहीत, ही अडचण खरी; तरी साखर उद्योगातील एखाद्या नोंदणीकृत कंपनीचे पूर्ण गणित पुस्तिकेत असायला हवे होते, कारण या भागातील माणसाला त्या धंद्याचे चढउतार ताळेबंद न उघडताही ठाऊक असतात.

महागाईच्या निर्देशांकाबद्दलचे विवेचनही काळजीपूर्वक केलेले आहे. दरसाल ५ टक्के महागाई धरली तर दहा वर्षांपूर्वीची १० रुपयांची प्रतिशेअर कमाई आजच्या हिशेबाने १६ रुपये २९ पैसे होते, म्हणजे समायोजन न करता काढलेली सरासरी बरीच तोकडी ठरते. प्रश्न निर्देशांक कोणता घ्यायचा हा आहे. २०१५-१६ मध्ये ग्राहक किमतींची महागाई ५ टक्क्यांच्या जवळ असताना घाऊक किमती मात्र घसरत होत्या, त्यामुळे निर्देशांक बदलला की उत्तरही बदलते. पत्रकात औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक वापरला आहे. त्याचे आधारवर्ष सप्टेंबर २०२० पासून २००१ ऐवजी २०१६ झाले आणि ऑगस्टमधील ३३८ चा आकडा पुढच्याच महिन्यात ११८.१ झाला. दोन मालिका २.८८ या गुणकाने जोडल्या नाहीत तर महिनाभरात महागाई दोन तृतीयांशाने उतरल्याचा चमत्कार पत्रकात दिसू लागेल. येथे तो गुणक व्यवस्थित बसवलेला आहे आणि त्याचे कारणही शेजारच्या रकान्यात दिले आहे. फुकट मिळणाऱ्या पत्रकांत ही काळजी क्वचितच आढळते.

पत्रकाचा मोठा दोष रंगांत आहे. गुणोत्तर १६ च्या खाली असेल तर चौकट हिरवी होते, २५ च्या वर गेले की लाल. ही मोजपट्टी अमेरिकी बाजाराच्या दीर्घकालीन सरासरीवरून घेतलेली आहे हे उघड आहे, आणि भारतातील एकेका कंपनीला ती लावणे मला मुळातच गैर वाटते. दोन कंपन्यांची कल्पना करावी. दोन्हींचा चालू पीई २० आहे. पहिलीची कमाई महागाई वजा जाता दरसाल २ टक्क्यांनी वाढत आली आहे. तिची दहा वर्षांची समायोजित सरासरी चालू कमाईच्या सुमारे ९२ टक्के भरते आणि दीर्घकालीन गुणोत्तर २२ येते. दुसरीची कमाई दरसाल १५ टक्क्यांनी वाढली आणि महागाई ५ टक्के राहिली, तर तिची सरासरी चालू कमाईच्या जेमतेम ६९ टक्के भरते आणि गुणोत्तर २९ वर जाते. म्हणजे जी कंपनी झपाट्याने वाढली तीच लाल चौकटीत जाते आणि जी रखडली ती बिनधोक दिसते. वाढत्या कंपनीची ही वाढ पुढे टिकणार नाही असा युक्तिवाद करता येतो, आणि तो पुष्कळदा खराही ठरतो, पण तो युक्तिवाद माणसाने करायचा असतो, चौकटीच्या रंगाने नव्हे. कंपनीचे गुणोत्तर तिच्या स्वतःच्या मागील पंधरा-वीस वर्षांच्या गुणोत्तराशी किंवा त्याच धंद्यातील इतरांशी ताडून पाहावे, एवढे एक वाक्य पुस्तिकेत आहे. ते बाविसाव्या पानावर, तळटिपेत आहे.

दुसऱ्या दिवशी नफ्याच्या आकड्यांची साफसफाई कशी करावी हा विषय होता आणि तो काहीसा घाईत उरकला गेला. २०१९-२० मध्ये भारती एअरटेलला ३२,१८३ कोटींचा तोटा झाला, तो मुख्यतः दूरसंचार कंपन्यांच्या थकबाकीविषयी सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये दिलेल्या निकालानंतर कराव्या लागलेल्या तरतुदीमुळे. हे वर्ष दहा वर्षांच्या सरासरीत २०२८-२९ पर्यंत बसून राहणार. ते वगळावे, तसेच ठेवावे की विभागून धरावे, याचे एकच बरोबर उत्तर नाही. पण ‘आपापल्या विवेकाने ठरवा’ एवढ्यावर विषय सोडणे अडीच हजार रुपये भरून आलेल्यांवर अन्यायच होतो. शेअरचे विभाजन आणि बोनस यांचा हिशेब जुन्या वार्षिक अहवालांतून आकडे उचलताना चुकतो, म्हणून प्रतिशेअर कमाई टाळून एकूण नफा आणि कंपनीचे बाजारमूल्य यांची तुलना करावी, असा सुटसुटीत उपाय सुचवण्यात आला. जिने नवे शेअर फारसे काढलेले नाहीत अशा कंपनीला तो चालतो. जुलै २०२३ मध्ये गृहकर्ज देणाऱ्या एचडीएफसी कंपनीचे विलीनीकरण करून घेतलेल्या एचडीएफसी बँकेला तो लावला, तर विलीनीकरणापूर्वीचा एकट्या बँकेचा नफा आणि विलीनीकरणानंतरचे वाढीव बाजारमूल्य यांची सांगड घातली जाऊन शेअर विनाकारण महाग दिसेल. याचा उल्लेख वर्गात झाला नाही.

याच सत्रात एका निवृत्त करसल्लागारांनी सप्टेंबर २०१९ च्या कंपनी करकपातीचा मुद्दा काढला. सवलती सोडणाऱ्या कंपन्यांसाठी अधिभारासह सुमारे ३५ टक्क्यांचा कर सुमारे २५ टक्क्यांवर आल्याने, करपूर्व नफा तोच राहिला तरी करोत्तर नफा १५ टक्क्यांनी फुगतो, मग त्याआधीच्या वर्षांची कमाई तशीच धरणे योग्य आहे का, असा त्यांचा प्रश्न होता. ‘तुमचं बरोबर आहे काका, पत्रकात ती सोय नाही, ती पुढच्या आवृत्तीत करू,’ असे सरळ उत्तर मिळाले. शिकवणाऱ्यांचा हा मोकळेपणा मला या वर्गाचे मोठे बलस्थान वाटतो.

शेअर सुचवा, असा आग्रह काहींनी धरला, तो शिकवणाऱ्यांनी मानला नाही. निव्वळ शिक्षण देणाऱ्यांनी मागील तीन महिन्यांतील बाजारभाव वापरू नयेत असे शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले होते, आणि वर्गातील एकूणएक भाव त्याहून जुने होते. त्यामुळे दुसऱ्या दिवशी जेवणानंतर काही खुर्च्या रिकाम्या झाल्या. त्याने वर्गाचे काही बिघडले नाही. जेवण साधे आणि चांगले होते. सभागृहातील पडद्यावरचे आकडे मात्र चौथ्या रांगेपलीकडे वाचता येत नव्हते.

खरेदी-विक्रीची वेळ या गुणोत्तरावरून ठरवता येत नाही, हे पुरेशा ठामपणे सांगितले गेले. कॅम्पबेल आणि शिलर यांनी डिसेंबर १९९६ च्या सुरुवातीला अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेसमोर बाजार फार महाग झाल्याचे मांडले, दोनच दिवसांनी तिचे तेव्हाचे अध्यक्ष ॲलन ग्रीनस्पॅन यांनी बाजारातील अतिउत्साहाबद्दलचे त्यांचे गाजलेले भाषण केले, आणि त्यानंतरही मार्च २००० पर्यंत तेथील निर्देशांक चढत जाऊन दुप्पट झाला. आपल्याकडे तर आकडा वेगळ्याच कारणाने हलू शकतो. राष्ट्रीय शेअर बाजाराने मार्च २०२१ च्या अखेरीस निफ्टीचा पीई कंपन्यांच्या स्वतंत्र नफ्याऐवजी एकत्रित नफ्यावर काढायला सुरुवात केली, तेव्हा तो ४० च्या आसपासवरून एकदम ३३ वर आला. भाव होते तिथेच होते. जुन्या आणि नव्या आकड्यांची एकच रेघ ओढून ‘बाजार स्वस्त झाला’ म्हणणारे आलेख अजूनही फिरताना दिसतात.

पोलाद, सिमेंट, साखर, वाहने यांसारख्या तेजीमंदीच्या धंद्यांत ज्यांचे पैसे आहेत, त्यांनी पहिल्या दिवसासाठी तरी हा वर्ग करावा. बँका आणि झपाट्याने वाढणाऱ्या कंपन्या हाच ज्यांच्या गुंतवणुकीचा मुख्य भाग आहे, त्यांना त्यातून मिळण्यासारखे थोडे आहे. बाजारात नोंदणी होऊन चार-पाचच वर्षे झालेल्या कंपन्यांना ही पद्धत फारशी लागू पडत नाही, कारण नोंदणीपूर्वीचे हिशेब माहितीपत्रकात मोजक्याच वर्षांचे दिलेले असतात. वर्गाला न येता केवळ गणनपत्रक आठशे रुपयांना घेण्याचीही सोय आहे. ती घेऊ नये, कारण टाटा स्टीलच्या सत्राशिवाय हाती आलेल्या त्या पत्रकात वापरणाऱ्याला हिरव्या आणि लाल चौकटींपलीकडे फारसे काही दिसणार नाही. ज्यांनी ते आधीच घेतले असेल त्यांनी रंगांची अट काढून टाकावी आणि त्या जागी कंपनीचे स्वतःचे मागील गुणोत्तर दाखवणारा एक रकाना जोडावा. पत्रकाला कुलूप नसल्याने हे काम दहा मिनिटांत होते.