नाशिकमध्ये फेसलिफ्टचा सल्ला: फी कुठे वसूल होते
फेसलिफ्ट म्हणजे चेहऱ्याची सैल कातडी ताणून बसवणारी शस्त्रक्रिया. कॉलेज रोड, गंगापूर रोडवर तिचा सल्ला देणारे बरेच. पण आरशासमोर बसवून तपासणारा सर्जनच फीच्या लायकीचा. कानाजवळची त्वचा बोटांनी सेंटीमीटरभर मागे-वर सरकवल्यावर जबड्यावरची लोंबती कातडी सपाट होते का, हे तो दाखवतो. होत असेल तरच शस्त्रक्रियेचा उपयोग. कपाळाच्या आठ्या, उन्हाचे डाग, ओठांभोवतीच्या बारीक रेषा तिने जात नाहीत. हे न सांगणाऱ्याकडून सरळ उठावं.

बीपी, अ‍ॅस्पिरिन (रक्त गोठू न देणारी गोळी), तंबाखूची चौकशी झालीच पाहिजे. बीपी चढलं की त्वचेखाली रक्त साकळतं. तंबाखूने रक्तपुरवठा आटून कानामागची कातडी काळी पडते. किमान ४ आठवडे आधी बंद, मिश्रीसुद्धा! सूज आणि निळेपणा २-३ आठवडे राहतो, लग्नसराई तोंडावर असताना तारीख घेऊ नये. पदवी प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डीएनबीच (नवं नाव डीआरएनबी) हवी.