राउंड, ट्रंक की कास्ट: एसक्यूएलमध्ये दशांश कशाने आटोपायचे?

फंक्शन निवडण्याआधी कॉलमचा प्रकार बघा. डेसिमल (दशांश नेमके साठवणारा प्रकार) कॉलममधल्या २.५ ला राउंड केलं की ३ मिळतात. तोच आकडा डबलमध्ये (दशांश अंदाजे साठवणारा प्रकार) असेल तर पोस्टग्रेएसक्यूएल आणि मायएसक्यूएल हे डेटाबेस बहुतेक यंत्रांवर २ देतात, कारण तिथे बरोबर अर्ध्यावरचा आकडा जवळच्या सम संख्येकडे जातो. शिवाय डबलमध्ये १.००५ नेमका साठतच नाही, किंचित कमी साठतो. दोन स्थळांवर १.०० आलं तर त्यात राउंडची चूक नाही. पैशाचा हिशेब असेल तर डेसिमलच, दुसरा विचार नको.

आता पर्याय. राउंड जवळच्या आकड्याकडे नेतं, ट्रंक पुढचे दशांश नुसते छाटतं. फ्लोअर मात्र नेहमी खाली उतरतं, आणि फरक उघडा पडतो तो ऋण आकड्यांवर: -२.५ चं ट्रंक -२, फ्लोअर -३. परतावे किंवा तूट मोजताना फ्लोअर वापरलं की बेरीज गुपचूप घसरते. मायएसक्यूएलमध्ये ट्रंकला ट्रंकेट म्हणतात आणि स्थळांची संख्या द्यावीच लागते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये वेगळं फंक्शनच नाही. राउंडला तिसरं आर्ग्युमेंट १ द्यायचं.

राउंड की कास्ट, म्हणजे आकड्याचा प्रकारच बदलणं? एसक्यूएल सर्व्हरमध्ये चार स्थळांच्या डेसिमलला राउंड करून दोनवर आणलं तरी १२.३४५६ चं १२.३५०० दिसतं. शेपटीची शून्यं नको असतील तर डेसिमल(१०,२) मध्ये, म्हणजे एकूण दहा अंक आणि त्यातले दोन दशांश, कास्ट करा; तेही राउंडच करतं. इंटमध्ये (पूर्णांकात) कास्ट करताना मात्र जपून: २.७ चं पोस्टग्रेएसक्यूएल ३ करतं, एसक्यूएल सर्व्हर २.

पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये डबलला स्थळांसह राउंड लावलं तर असं फंक्शनच नाही अशी एरर येते. आधी न्यूमेरिकमध्ये (डेसिमलचंच दुसरं नाव) कास्ट करा. आणि ७ भागिले २ दोन्ही पूर्णांक असतील तर पोस्टग्रेएसक्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हर दोन्हींत भागाकारच ३ येतो. नंतर राउंड लावून गेलेला अर्धा परत येत नाही. ७.० लिहा.

ओळीवार राउंड करायचं की बेरजेवर? १०.००५ च्या तीन ओळी आधी राउंड केल्या तर ३०.०३, बेरीज करून राउंड केलं तर ३०.०२. बिलावर प्रत्येक ओळ छापली जात असेल तर पहिली पद्धत, नाहीतर वाचकाची बेरीज जुळत नाही. नुसत्या अहवालाला दुसरी.

व्हेअरमध्ये (ओळी निवडण्याच्या अटीत) कॉलमवर राउंड शक्यतो टाळा, साधा इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) वापरला जात नाही. १०.२५ शोधायचे असतील तर १०.२४५ किंवा जास्त आणि १०.२५५ पेक्षा कमी, अशी अट लिहा.