सागरी नियमांची खिशातली कार्डे: तेरा महिन्यांच्या वापरानंतर

खानापूर तालुक्यातील आमच्या गावाला मलप्रभेचे पाणी आहे. समुद्र मात्र चोर्ला घाट उतरून गोव्यात गेल्याशिवाय दिसत नाही. गावातली बरीच मुले बेळगावात सैन्यभरतीला उभी राहतात, मी जहाजावर जायचे ठरवले, आणि प्रशिक्षण सुरू होण्याआधी सागरी वाहतुकीच्या नियमांच्या कार्डांचा हा संच, दोन चुंबकी जहाजांसह, ४५० रुपयांना मागवला. त्यानंतर सहा महिने प्रशिक्षण, तीन महिने घरी बसून बोलावण्याची वाट पाहणे आणि गेले चार महिने मालवाहू जहाजावर शिकाऊ खलाशी म्हणून काम, इतका वापर झाल्यावरच हा अनुभव लिहीत आहे.

संचाचा मुख्य भाग १९७२ सालच्या, आणि १५ जुलै १९७७ पासून अमलात असलेल्या, टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांवर आहे. त्यातही दिव्यांची कार्डे सर्वांत चांगली आहेत. डोलकाठीवरचा पांढरा दिवा २२५ अंशांतून दिसतो, जहाजाच्या डाव्या अंगाचा लाल आणि उजव्या अंगाचा हिरवा दिवा प्रत्येकी ११२.५ अंशांतून, तर मागचा पांढरा दिवा उरलेल्या १३५ अंशांतून दिसतो, हे पुस्तकात वाचताना मला निव्वळ आकड्यांचे ओझे वाटले होते. कार्डावर प्रत्येक दिव्याचा कोन रंगवलेला असल्यामुळे दोन्ही बाजूंच्या दिव्यांची बेरीज नेमकी डोलकाठीच्या दिव्याएवढी होते आणि ते जिथे संपतात तिथूनच मागचा दिवा सुरू होतो, हे एका नजरेत कळले आणि पाठांतराची गरजच उरली नाही. उभ्या रेषेत दोन लाल दिवे म्हणजे जहाज ताब्यात नाही, लाल-पांढरा-लाल म्हणजे कामामुळे त्याला सहज वळता येत नाही, हिरव्याखाली पांढरा म्हणजे जाळे ओढणारी मासेमारी बोट, हेही असेच डोळ्यांत बसले.

चुंबकी जहाजांचा उपयोग मात्र घरीच झाला. आमच्या लोखंडी कपाटावर ती चिकटवून धाकटी बहीण मला प्रसंग घालत असे, आणि पहिल्या आठवड्यात समोरासमोर येणाऱ्या दोन जहाजांना मी दर वेळी डावीकडे वळवत असे, कारण घाटात समोरून ट्रक आला की गाडी डावीकडे दाबायची, हे अंगात मुरलेले होते. समुद्रात समोरासमोर आलेली यंत्रचलित जहाजे दोघेही उजवीकडे वळतात. ही रस्त्याची सवय मोडण्यासाठी कपाटासमोरच्या त्या संध्याकाळी फार कामी आल्या. पुढे हीच चुंबके मी हौसेने ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षात, नेली तेव्हा सेकंड ऑफिसरांनी ती लगेच खाली ठेवून यायला लावली, कारण होकायंत्राच्या आसपास चुंबक नेत नाहीत. डब्याच्या झाकणावर एवढी एक ओळ छापायला हरकत नव्हती.

आता मोठा दोष. समोरून येणाऱ्या जहाजाच्या कार्डावर लाल दिवा पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला आणि हिरवा उजव्या हाताला छापला आहे. जहाज आपल्याकडे तोंड करून येत असेल तर त्याची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येते, म्हणजे चित्र बरोबर उलटे हवे; आणि ते मागून पाहिलेले चित्र आहे म्हणावे, तर मागून हे दोन्ही दिवे दिसतच नाहीत. मी हे चुकीचे कार्ड सहा आठवडे मन लावून पाठ केले आणि वर्गात सर्वांसमोर तोंडघशी पडलो. विक्रेत्याला दोनदा कळवले, उत्तर आले नाही.

कार्डे काय शिकवू शकत नाहीत, हे जहाजावरच्या एका रात्री कळले. लुकआउटला, म्हणजे समुद्रावर नजर ठेवायला, उभा असताना उजवीकडे तीन पॉइंटवर (नाकासमोरच्या रेषेपासून सुमारे ३४ अंशांवर) मला पांढऱ्या दिव्यांखाली एक लाल दिवा दिसला. कार्डाप्रमाणे उत्तर तयार होते: दुसरे जहाज आपल्या उजव्या अंगाला आहे, त्याची डावी बाजू आपल्याला दिसते आहे, म्हणून वाट आपण द्यायची. मी तसे सांगितले. ऑफिसरांनी मान डोलावली, विंगवर, म्हणजे ब्रिजच्या बाजूच्या सज्जावर, जाऊन होकायंत्रावरून त्या दिव्याची दिशा घेतली, तीन मिनिटांनी पुन्हा घेतली आणि त्यानंतर आणखी एकदा घेतली. दिवा ठळक होत चालला होता, दिशेचा आकडा मात्र जागचा हलत नव्हता. दिशा बदलत नाही आणि अंतर कमी होते, म्हणजे टक्कर होणार. त्यानंतर त्यांनी जहाज एकदम मोठ्या कोनात उजवीकडे घेतले, जेणेकरून समोरच्याला आपले वळणे स्पष्ट दिसावे, आणि तो लाल दिवा आमच्या डाव्या अंगाने निघून गेला. सातव्या नियमाच्या कार्डावर हे सगळे दोन ओळींत दिलेले आहे. पण आकडा हलतो की नाही हे पाहत थांबण्याची ती सहा-सात मिनिटे कार्डात मावत नाहीत.

टिकाऊपणाबद्दल थोडक्यात सांगायचे तर कार्डे भक्कम आहेत, पण त्यांची कडी खाऱ्या हवेत महिन्याभरात गंजली आणि मी तिच्या जागी नायलॉनची दोरी ओवली. मजकूर फक्त इंग्रजीत आहे. मराठी शाळेत शिकलेल्या मला मागच्या बाजूला अर्थ लिहावे लागले, आणि बॉलपेनची शाई त्या गुळगुळीत पृष्ठावर टिकत नाही, मार्करच लागतो. अंधाऱ्या ब्रिजवर लाल बॅटरीच्या उजेडात कार्ड धरले तर पांढऱ्या कागदावरचे लाल दिवे दिसेनासे होतात. अर्थात लुकआउटच्या वेळी कार्ड बाहेर काढणे हीच चूक आहे.

सुरक्षेच्या कार्डांपैकी बंदिस्त जागेत उतरण्याविषयीचे एक कार्ड मात्र मला साऱ्या संचाची किंमत वसूल करून देणारे वाटते. हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो, पण बंद टाकीतल्या किंवा नांगराच्या साखळीच्या कोठडीतल्या लोखंडाला गंज चढताना तो वापरला जातो, कोळसाही तो शोषून घेतो, आणि आत उतरणाऱ्याला वास किंवा गुदमरणे जाणवण्याआधीच शुद्ध हरपते. हे कार्ड मी घरी वाचून दाखवले तेव्हा आजी लगेच म्हणाली, “आमच्या वेळी जमिनीतलं धान्याचं पेव उघडलं की आधी वारं खेळू द्यायचं, मग कंदील सोडायचा. दिवा विझला तर माणूस उतरायचा नाही.” जहाजावर कंदील अर्थातच चालत नाही, कारण आत ज्वलनशील वायू असू शकतो, वायुमापकाने तपासणी, लेखी परवाना आणि दाराशी उभा राहणारा एक माणूस हवा. आत कोणी कोसळलेला दिसला तरी त्या दारावरच्या माणसाने धाव घेऊन उतरायचे नाही, आधी सर्वांना कळवायचे, हे वाक्य कार्डावर सर्वांत ठळक छापले आहे, आणि ते योग्यच आहे.

बाकी सुरक्षेचा भाग तोकडा आहे. सात किंवा अधिक आखूड भोंगे आणि एक लांब, हा सर्वसाधारण धोक्याचा इशारा कार्डावर टिंबांनी दाखवला आहे. पहिल्या सरावात तो प्रत्यक्ष कानांवर पडला तेव्हा मी मोजणेच विसरलो आणि लाइफजॅकेटचा पट्टा उलटा घातला. जॅकेट एका मिनिटात घालता आले पाहिजे अशी त्याची रचनाच असते. आग आणि जहाज सोडण्याचे सराव दर महिन्याला होतात, त्यातल्या तिसऱ्या सरावापर्यंत माझे हात न बघता चालू लागले. त्यात कार्डांचा काही वाटा नाही.

निपाणीच्या मावसभावाला पुढच्या तुकडीत प्रवेश मिळाला आहे. त्याच्यासाठी मी हाच संच मागवायला सांगितले आहे, आणि डबा उघडल्याबरोबर समोरून येणाऱ्या जहाजाच्या कार्डावर मार्करने लाल-हिरव्याची अदलाबदल कर, असेही बजावले आहे.